रोगाचे नाव आणि लेकराचा ताबा

श्रावणातला शनिवार होता. दिवसभर धरलेली झड संध्याकाळी थोडी उघडली. पुण्यातील आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर गेली कित्येक वर्षे आठवड्यातून एकदा चहाच्या निमित्ताने चार समवयस्क जमतात. त्या दिवशी पावसामुळे दोघेच येऊ शकले. एक वकीलसाहेब. त्यांची हयात प्रथम दिवाणी दाव्यांत आणि १९८९ साली पुण्यात कुटुंब न्यायालय स्थापन झाल्यापासून नवराबायकोच्या तंट्यांत व लेकरांच्या ताब्याच्या अर्जांत गेली. दुसऱ्या डॉक्टरबाई. मेंदूच्या विकारांच्या तज्ज्ञ म्हणून त्यांनी तीन दशके अशी माणसे तपासली, की ज्यांच्या आजाराचे नाव त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यालाही ठाऊक नव्हते. दोघांच्या मतांत त्या संध्याकाळी जे अंतर पडले आणि ज्या वाटेने ते थोडेफार मिटले, ते मला इतके मोलाचे वाटले की, दोघांच्या अनुमतीने, आणि पक्षकारांची ओळख पटेल असा सारा मजकूर गाळून, तो संवाद मी येथे मांडीत आहे.

वकीलसाहेब : डॉक्टरबाई, आज मी आपल्याकडे एक दाखला मागायला आलो आहे. माझा पक्षकार एका चार वर्षांच्या मुलीचा बाप आहे. उभयता वर्षभर विभक्त असून मुलगी आईजवळ, आईच्या माहेरी आहे. आईला वयाच्या सतराव्या वर्षापासून फेफरे येते. बापाने ताब्याचा अर्ज करायचे ठरविले आहे, आणि त्या अर्जाला जोडण्यासाठी मला तज्ज्ञाचे एवढेच मत हवे आहे की, अपस्माराच्या रोग्याच्या हाती अज्ञान बालकाचा एकटीचा ताबा ठेवणे सुरक्षित नाही. खोटे काही लिहा असे मी सुचवीतही नाही. जे सर्वमान्य आहे तेवढेच लिहावे.

डॉक्टरबाई : वकीलसाहेब, तो दाखला मला देता येणार नाही. ज्या बाईला मी पाहिलेले नाही तिच्याविषयी मी लिहिणार नाही, हे तर उघडच आहे. पण ती उद्या माझ्यासमोर येऊन बसली तरीही ‘अपस्माराच्या रोग्याच्या हाती’ असे आरंभी घालून मला एकही खरे वाक्य लिहिता येणार नाही. कारण अपस्मार या एका नावाखाली इतके वेगवेगळे विकार नांदतात की, त्या सर्वांना लागू पडेल असे विधान बहुधा खोटेच ठरते. एखाद्याला केवळ झोपेत झटका येतो आणि सकाळी उशी ओली दिसली म्हणजे त्याला तो कळतो. एखादी मुलगी आठ-दहा सेकंद शून्यात पाहत राहते आणि पुन्हा जेथे वाक्य सोडले तेथून बोलू लागते. कोणाचे हात पहाटे, विशेषतः जागरणानंतर, एकदम उडतात आणि हातातली कपबशी पडते. कोणाला सर्वांगाचा आचका येऊन दोन-तीन मिनिटे शुद्ध हरपते. कोणाला झटक्याच्या आधी पोटातून काही वर चढल्यासारखे वाटते, म्हणजे बसून घेण्यापुरती सूचना मिळते. कोणाला ती मुळीच मिळत नाही. आणि या सर्वांहून मोठा भेद हा की, कोणाला आठवड्यात दोनदा झटका येतो, तर कोणाला नऊ वर्षांत एकदाही आलेला नसतो. आपल्या अशीलाच्या पत्नीला शेवटचा झटका केव्हा आला?

वकीलसाहेब : ते मी विचारले नाही. ती नियमाने गोळ्या घेते, एवढे तो म्हणाला. आणि गोळ्या घेते याचा अर्थ रोग आहे, असे मी धरून चाललो.

डॉक्टरबाई : गोळ्या घेते याचा अर्थ रोग काबूत ठेवण्याची तिची धडपड चालू आहे, असाही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे, आणि योग्य निदान होऊन योग्य औषध मिळाले तर त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतात. फेनोबार्बिटोन १९१२ सालापासून आणि फेनिटॉइन १९३८ सालापासून वापरात आहे, आणि त्यानंतर कितीतरी नवी औषधे आली आहेत. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ या रोगाला औषध आहे. परंतु वकिलाच्या कैफियतीत तो अजूनही निरुपाय म्हणूनच उभा राहतो.

वकीलसाहेब : आपण रोग्याच्या बाजूने बोलत आहात, आणि ते वैद्याला शोभते. पण कायदा येथे रोग्याकडे पाहत नाही, तो लेकराकडे पाहतो. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम घ्या. त्याचे सतरावे कलम सांगते की पालक नेमताना न्यायालयाने अज्ञानाचे हित पाहावे, आणि ज्याच्या हाती पोर द्यायचे त्याचे चारित्र्य व त्याची कुवत पाहावी. कुवत हा शब्द कायद्याचाच आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचे तेरावे कलम तर अज्ञानाचे हित सर्वांत श्रेष्ठ मानते. आमच्या मुंबई उच्च न्यायालयाचा १९४१ साली छापून आलेला एक निकाल अजूनही वकिलांच्या तोंडी असतो. त्यातही बापाचे हित नाही, आईचे हित नाही, लेकराचे हित पाहायचे, हेच तत्त्व आहे. मग आईच्या मनाला यातना होतील, तिच्यावर कलंक येईल, समाज तिला नावे ठेवील, हे सर्व खरे असले तरी, त्या चार वर्षांच्या जिवाच्या सुरक्षिततेपुढे ते गौण नव्हे काय?

डॉक्टरबाई : गौणच आहे, आणि त्यात आपला-माझा मतभेद नाही. आईच्या समाधानासाठी लेकराला धोक्यात ठेवा, असे मी कधीही म्हणणार नाही. पण आपण ज्या १९५६ च्या अधिनियमाचा आधार घेता, त्याचेच सहावे कलम पाच वर्षे पुरी न झालेल्या लेकराचा ताबा सामान्यतः आईकडे राहील असे सांगते ना? कायद्याची ही माहिती मला साक्षीला जाऊन जाऊन झाली आहे.

वकीलसाहेब : सांगते. आणि आपण पुढे जे म्हणणार ते मीच सांगून टाकतो: गोव्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात २०१५ साली असे ठरले की, पाच वर्षांखालील लेकराची आई अपात्र आहे असे म्हणणाऱ्या बापावरच ते सिद्ध करण्याचा भार असतो. तो भार उचलण्यासाठीच तर मी दाखला मागतो आहे!

डॉक्टरबाई : म्हणजे आईची अपात्रता सिद्ध करायची, आणि पुरावा काय, तर तिच्या रोगाचे नाव. वकीलसाहेब, मधुमेहासाठी इन्सुलिन टोचून घेणाऱ्या बापाची साखर एकाएकी उतरली तर तोही रस्त्यात बेशुद्ध पडतो. म्हणून त्याचे लेकरू काढून घ्यावे, असा अर्ज आपल्या चाळीस वर्षांच्या वकिलीत किती वेळा आला?

वकीलसाहेब : एकदाही नाही.

डॉक्टरबाई : का नाही, याचा विचार केला पाहिजे. मधुमेहाने जे घडते ते शरीराचे दुखणे म्हणून आपण पाहतो. अपस्माराने जे घडते त्याकडे मात्र आपण अजून भयाने पाहतो. वास्तविक आपल्याकडच्या प्राचीन वैद्यांनी ते भय बरेचसे बाजूला सारले होते. चरकसंहितेने अपस्माराला निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय दिला, त्याचे वात, पित्त, कफ आणि संनिपात यांवरून चार प्रकार सांगितले, आणि स्मृतीचा अपगम म्हणून अपस्मार, असे त्याचे नाव लावून दाखविले. ग्रीसमध्येही हिपोक्रेटसच्या परंपरेतील वैद्यांनी सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले की, लोक ज्याला दैवी रोग म्हणतात तो इतर रोगांहून अधिक दैवी नाही आणि त्याचे मूळ मेंदूत आहे. एवढे होऊनही आजच्या पुण्यात रस्त्यावर कोणी आचके देत पडला तर चार लोक त्याच्या नाकाला जोडा किंवा कांदा लावायला धावतात, त्याच्या मुठीत किल्ल्या कोंबतात, दातांत चमचा घालतात. त्याला कुशीवर वळवून, मानेखाली काही मऊ ठेवून, घड्याळाकडे पाहत बसायचे, आणि झटका पाच मिनिटांपेक्षा अधिक लांबला तर रुग्णवाहिका बोलवायची, एवढी साधी गोष्ट शंभरांत दहांनाही करता येत नाही. आपल्या न्यायालयांतील माणसे याच रस्त्यावरून चालत न्यायालयात येतात.

वकीलसाहेब : न्यायालयांवर एवढा ठपका नको. कायद्याचा इतिहास आपण समजता त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे, आणि त्यात न्यायाधीशांचा वाटा वाईट नाही. १९७२ साली छापला गेलेला मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. बायकोला फेफरे येते ही गोष्ट लग्नाआधी लपविली म्हणून विवाह रद्द करून मागणाऱ्या नवऱ्याला न्यायालयाने सांगितले की, बऱ्या होण्याजोग्या अपस्माराबद्दल मौन पाळणे म्हणजे विवाह रद्दबातल ठरविण्याजोगी फसवणूक नव्हे. त्यानंतर चारच वर्षांनी, १९७६ साली, संसदेने हिंदू विवाह अधिनियमात दुरुस्ती करून ज्याला वेडाचे किंवा अपस्माराचे झटके वारंवार येतात अशा व्यक्तीला विवाहास अपात्र ठरविले. वेड आणि फेफरे एका पंक्तीला बसविले. ती ओळ पुरी तेवीस वर्षे कायद्यात राहिली आणि १९९९ साली संसदेनेच ‘अपस्मार’ हा शब्द तेथून काढला. १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमातूनही तो गेला. २०२३ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अपस्मार हा असाध्य रोगही नव्हे आणि मानसिक विकारही नव्हे, म्हणून तो घटस्फोटाचे कारण होऊ शकत नाही, असे स्पष्ट म्हटले. न्यायालयांनी आपल्या रोग्यांची बूज राखली आहे, डॉक्टरबाई. पण लग्न ही दोन प्रौढांची गोष्ट. पती स्वतःपुरता धोका पत्करू शकतो. लेकरू तो पत्करू शकत नाही. हा भेद मला सोडता येत नाही, आणि त्याचे कारण पुस्तकी नाही.

(येथे वकीलसाहेब थोडे थांबले. बाहेर पागोळ्या गळत होत्या. त्यांनी चष्मा काढून हाती घेतला आणि पुढचे सारे खाली पाहून सांगितले.)

वकीलसाहेब : मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमचे गाव कोकणातले. आमच्या शेजारच्या घरी नवी सून आली होती, आणि तिला पहिला मुलगा होऊन चार-पाच महिने झाले होते. घरची माणसे लावणीला शेतावर गेलेली. ती पडवीत घंगाळाशी बसून पोराला न्हाऊ घालीत होती. तिला तेथेच फेफरे आले. ती शुद्धीवर आली तेव्हा घंगाळात जे पाणी होते ते वीतभरही नव्हते. पण त्या पोराला तेवढे पुरले. तिचा आक्रोश आमच्या घरात ऐकू आला, आणि मी आईच्या पाठोपाठ धावत गेलो, म्हणून मी तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला. ताब्याच्या प्रत्येक प्रकरणात ‘फेफरे’ हा शब्द आला की मला ते घंगाळ दिसते. त्या पोराचे हित पाहणारा त्या दिवशी कोणी नव्हता. आपण मला माझे भय अज्ञानातून आलेले आहे असे सांगू नका.

डॉक्टरबाई : सांगणार नाही. तसे अपघात होतात. मीही असे एक घर पाहिले आहे. पण एक विचारते. त्या मुलीला फेफरे येते, हे तिच्या सासरी कोणाला ठाऊक होते?

वकीलसाहेब : नाही. माहेरच्यांनी लपविले होते. लग्नाआधी ती एका मांत्रिकाकडे जात असे, असे नंतर कळले. औषध म्हणाल तर तिला कधी मिळालेच नव्हते.

डॉक्टरबाई : मग आता तोच प्रसंग पुन्हा मांडून पाहा. सासूला ठाऊक असते, तर लावणीच्या दिवशी तिने सुनेला घंगाळाशी एकटी सोडले असते काय? त्या मुलीला कोणी सांगितले असते की, अंगावर पाजताना भिंतीला पाठ लावून जमिनीवर बैस, पोराला न्हाऊ घालणे दुसरे माणूस जवळ असतानाच कर, नाहीतर नुसते ओल्या फडक्याने पूस, जिना उतरताना पोराला कडेवर घेऊ नकोस, रात्रीचे एक पाजणे दुसऱ्यावर सोपवून सलग झोप घे, कारण जागरण हेच झटक्याचे मोठे निमित्त आहे. तर ते पोर गेले असते काय? वकीलसाहेब, त्या पोराला बुडविले ते फेफऱ्याने, हे अर्धे सत्य झाले. उरलेले अर्धे हे की, ते फेफरे लपविलेले होते. आणि ते लपविले गेले, कारण उघड झाले तर मुलीचे लग्न मोडेल, ही भीती त्या घरात होती.

वकीलसाहेब : ती भीती खोटी नव्हती.

डॉक्टरबाई : नव्हतीच. म्हणून तर आपण जो अर्ज लिहिता आहात त्याचे मला भय वाटते. आज तशी भीती आईला किंवा बापाला लेकराच्या बाबतीत घालायला आपण निघालो आहोत. ‘अपस्मार आहे’ एवढ्यावरून पोर जाते, असे एकदा या शहरातल्या चार कुटुंबांना कळले की पुढे काय होईल ते मी सांगते, कारण मी ते पाहिले आहे. बाई दवाखान्यात येणे सोडते. केसपेपरवर नाव नको म्हणते. गोळ्या डब्यातून काढून मिठाच्या बरणीमागे ठेवते, आणि तेथे त्या चुकतात. झटका आला तरी तो आला नाही असे सांगते, म्हणून मात्रा वाढविली जात नाही. लेकराला ‘कोणाला सांगू नकोस’ असे शिकवते, म्हणून लेकरू कोणाला हाक मारीत नाही. गोळी अचानक थांबविली तर झटके उलट वाढतात आणि कधी एकामागून एक येत राहून जिवावर बेततात, हे वैद्यकाच्या पहिल्या धड्यातले आहे. लेकराचे रक्षण करण्यासाठी म्हणून आपण जो धाक घालतो, तोच त्या घरात घंगाळ मांडून ठेवतो.

(वकीलसाहेब बराच वेळ बोलले नाहीत.)

वकीलसाहेब : हे मी या बाजूने कधी पाहिले नव्हते. पण एक हरकत अजून शिल्लक आहे, आणि ती मी आपणास भिडस्तपणे न सांगणे बरे नव्हे. आपण म्हणता, लेकराने हाक मारावी. म्हणजे चार वर्षांच्या पोरीने आईची पहारेकरीण व्हावे काय? आई पडली तर काय करायचे, हे ओझे घेऊन तिने रात्री झोपावे काय? मी अशी मुले पाहिली आहेत. ती वयाच्या दहाव्या वर्षी चाळिशीची झालेली असतात.

डॉक्टरबाई : ही हरकत मी शिरसावंद्य मानते. लेकराला ठाऊक असणे वेगळे आणि लेकराच्या माथ्यावर टाकणे वेगळे. ‘आईला कधीकधी थोडा वेळ झोप लागल्यासारखे होते, तेव्हा शेजारच्या काकूंना बोलवायचे,’ एवढे चार वर्षांच्या मुलीला सांगितले तर ती घाबरत नाही. न सांगता एक दिवस तिने ते पाहिले तर मात्र ती जन्मभर घाबरते. पण काकू असल्या पाहिजेत, आजी असली पाहिजे, दाराला आतून कडी नसली पाहिजे. जिथे आईला दर आठवड्याला झटके येतात, सूचना मिळत नाही, घरात तिसरे माणूस नाही, आणि भरवसा केवळ लेकरावर आहे, तिथे मी स्वतः न्यायालयाला सांगेन की, निदान तूर्त ताबा दुसरीकडे द्या आणि आईला रोज भेटू द्या. मात्र ते सांगताना मी झटक्यांची संख्या सांगेन, रोगाचे नाव सांगून थांबणार नाही.

वकीलसाहेब : आणि बापाला फेफरे असेल तर? भेटीचा हक्क मागणारे तर बहुधा बापच असतात. रविवारी सकाळी पोराला घ्यायचे, संध्याकाळी परत आणून सोडायचे, असा आमचा नेहमीचा हुकूम.

डॉक्टरबाई : तिथेही तेच माप. आणि तिथे एक गोष्ट मी आपल्या बाजूने सांगते. त्या बापाने पोराला स्कूटरवर बसवून नेता कामा नये. वाहन परवान्याच्या अर्जातल्या नमुना १ मध्ये पहिलाच प्रश्न आहे की, आपणास अपस्मार किंवा एकाएकी शुद्ध हरपण्याचे झटके येतात काय. कित्येकजण त्यात खोटे ‘नाही’ लिहितात. भेटीच्या हुकुमात एक ओळ घाला: येणेजाणे रिक्षाने किंवा बसने, आणि बरोबर दुसरे वयस्क माणूस. तलावावर नाही, पोहायला नाही. एवढ्याने त्या पोराचा रविवार सुरक्षित होतो आणि बापही त्याचा बाप राहतो. त्याऐवजी न्यायालयाच्या आवारातल्या खोलीत एक तास, बाहेर शिपाई बसलेला, असा हुकूम झाला, की पोर आपल्या बापाला गुन्हेगार समजू लागते.

वकीलसाहेब : सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच म्हटले आहे की मुले म्हणजे आईबापांची मालमत्ता किंवा खेळणी नव्हेत, आणि २०२० साली, लेकराला आईबाप या दोघांच्याही प्रेमाचा हक्क आहे, एका पालकाला ताबा दिला तरी दुसऱ्याच्या भेटीची पुरेशी सोय केली पाहिजे, आणि प्रत्यक्ष भेट होत नसेल तर दूरध्वनीवर किंवा चित्रसंवादाने संपर्क ठेवू द्यावा, असे ठरविले आहे. विधी आयोगानेही २०१५ साली, आपल्या २५७ व्या अहवालात, संयुक्त ताब्याची शिफारस केली. म्हणजे हक्क लेकराचा आहे. आपल्या या बापाचा रविवार म्हणजे वास्तविक पोराचा रविवार.

डॉक्टरबाई : मग कायद्यात एवढे सगळे असताना, अपस्मार असलेल्या आईबापांसाठी स्पष्ट शब्दांत काही तरतूद आहे काय?

वकीलसाहेब : येथे मात्र मला मान खाली घालावी लागेल. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली. त्याच्या तेविसाव्या अनुच्छेदात, लेकराच्या अथवा आईबापांपैकी एकाच्या किंवा दोघांच्या अपंगत्वाच्या कारणावरून लेकराला आईबापांपासून तोडता येणार नाही, असे आहे. परंतु त्या करारानुसार आपण जो २०१६ चा अधिनियम केला, त्याच्या नवव्या कलमात अपंग लेकराचे तेवढे रक्षण आहे. अपंग आईबापांचा शब्द त्यात नाही. आणि त्या अधिनियमाच्या यादीत अपस्माराचा नावाने उल्लेखही नाही. त्यामुळे ज्याला अपस्मार आहे तो पालक धड रोगी म्हणूनही नाही आणि धड अपंग म्हणूनही नाही, असा दोन पायऱ्यांच्या मध्ये उभा आहे. त्याचे संरक्षण काय, तर न्यायाधीशाचा विवेक.

डॉक्टरबाई : तर त्या विवेकाला खरी माहिती पुरविणे हे आपले काम नव्हे काय? न्यायालयाला वैद्याची मदत घेता येत नाही, असे तर नाही ना?

वकीलसाहेब : येते. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाचे बारावे कलम त्यासाठीच आहे. न्यायालय वैद्यकीय तज्ज्ञाची किंवा समाजकल्याणाचे काम करणाऱ्या व्यक्तीची मदत घेऊ शकते. मी त्या कलमाचा उपयोग इतक्या वर्षांत फार थोड्या वेळा केला. पक्षकाराच्या तर्फेचा दाखला लावायचा, दुसऱ्या पक्षाने उलट दाखला लावायचा, आणि दोन दाखल्यांच्या झटापटीत पोर तारखेमागून तारखेला बाहेरच्या बाकावर बसायचे, हाच आमचा शिरस्ता होऊन बसला.

डॉक्टरबाई : मग आज तो मोडा. न्यायालयाला विचारू द्या: झटका कोणत्या प्रकारचा, शेवटचा केव्हा आला, वर्षात किती, सूचना मिळते काय, औषध नियमित आहे काय, घरात दुसरे माणूस कोण आणि कोणत्या वेळी असते, न्हाणीघर, जिना, गच्ची आणि शेगडी यांची व्यवस्था काय. एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर कोणताही समंजस न्यायाधीश त्या चार वर्षांच्या मुलीचे हित आपल्या-माझ्यापेक्षा चांगले जाणील. आणि त्याने दिलेला हुकूम आज चुकला तर उद्या बदलता येतो ना?

वकीलसाहेब : येतो. ताब्याचा हुकूम पाषाणावरची रेघ नसते. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. सहा महिन्यांनी फेरविचार, असे मुदतीचे कलम हुकुमात घालता येईल. आईला झटका आला तर तिने तो लपवू नये म्हणून, ‘झटका कळविला एवढ्याच कारणावरून ताबा काढला जाणार नाही’, अशीही ओळ मागता येईल. ही ओळ मी आजवर कोणत्याही अर्जात पाहिलेली नाही.

डॉक्टरबाई : ती ओळ आपण लिहिली, तर मी आपल्या पक्षकाराच्या पत्नीला तपासायला तयार आहे, तिच्या बाजूने नाही, आपल्या बाजूनेही नाही, न्यायालयाच्या सांगण्यावरून. आणि जे दिसेल ते लिहीन, मग ते कोणाच्याही विरुद्ध जावो.

संवाद येथे संपला. वकीलसाहेबांनी पिशवीतून मसुद्याचा कागद काढला. ‘सामनेवाली ही अपस्माराची रोगी असून त्या कारणे अज्ञानाचा ताबा ठेवण्यास अपात्र आहे’, या वाक्यावर त्यांनी पेनाने एक आडवी रेघ मारली, आणि समासात ‘कलम १२’ एवढेच लिहून ठेवले. आपल्या पक्षकाराला हे कसे पटवून द्यावे, याची चिंता त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. तो बाप आपल्या मुलीविषयी खरोखरच घाबरलेला आहे, असे ते जाताना दोनदा म्हणाले.

त्या रात्री मला झोप उशिरा लागली. कोकणातल्या त्या पडवीतले घंगाळ मी कधी पाहिलेले नाही, तरी ते डोळ्यांपुढून जाईना; आणि त्याच्याबरोबर त्या सुनेचे माहेरही दिसू लागले, जेथे कोणीतरी आईने, मुलीच्या भल्यासाठी म्हणूनच, ओठ मिटून घेतले असतील. लेकराला धोका असतो हे वकीलसाहेबांचे म्हणणे मला आजही मान्य आहे. तो धोका मोजता येतो, आटोक्यात ठेवता येतो, आणि लपविला की वाढतो, हे डॉक्टरबाईंचे म्हणणेही मान्य आहे; आणि दोन्हींची गाठ घालायची तर आपल्या घराघरांतून हा आजार न भिता बोलला गेला पाहिजे, याखेरीज दुसरा मार्ग मला दिसत नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या नात्यात किंवा शेजारात असे घर असेल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. लेकरू कोणाकडे राहावे, हे ठरविण्यासाठी मंडळी बसली आणि कोणी खालच्या आवाजात ‘तिला फिट येते’ किंवा ‘त्याला फिट येते’ असे म्हणाले, तर आपण मोठ्याने विचारा : शेवटची कधी आली, गोळी कोण आठवणीने देते, आणि पोराच्या अंघोळीच्या वेळी घरी कोण असते? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून त्या लेकराच्या ताब्याविषयी एक शब्दही बोलू नका.